शेजेचा कापूस

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, भूममार्गे माळेवाडीला जाणारी मुक्कामी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे, असं राजेश्वरी माईकवर म्हणाली, खटका खाली पाडला आणि गार झालेल्या चहावरची साय बोटानं कपाच्या कडेला लावली. धाराशिवच्या स्टँडवर दुपारी आवाज आणि ऊन वेगळं काढता येत नाही. कंडक्टरांच्या शिट्ट्या, पेरूवालीची आरोळी, नवरात्रातल्या तुळजापूरच्या जादा गाड्यांसाठी आत्तापासून रोवलेल्या बांबूंवर कावळ्यांची भांडणं, आणि या सगळ्यावरून थोड्या थोड्या वेळानं अंथरला जाणारा राजेश्वरीचा आवाज. तो आवाज आता तिचा राहिलाच नव्हता. स्टँडच्या पत्र्यासारखा, पाणपोईच्या नळासारखा तो स्टँडचा झाला होता आणि कधी कधी तिला स्वतःलाच तो बाहेरून, दुसऱ्या कुणा बाईचा ऐकावा तसा ऐकू यायचा. तिनं चहाचा घोट घेतला तेव्हा काचेतून तिला दिसलं की बाकावरचं एक म्हातारं जोडपं उठलंय. म्हाताऱ्यानं गाठोडं खांद्यावर टाकलं, म्हातारीनं पिशवी काखेत घेतली, आणि दोघं जण चार नंबरच्या रिकाम्या फलाटाकडं, जिथं ऑइलच्या काळ्या डागाशिवाय काहीही नव्हतं, भरवशानं चालत निघाली.

टेबलाच्या पलीकडं बसणारा रणधीर, हाही तिच्यासारखाच वाहतूक नियंत्रक, कानावर पेन अडकवून तिच्याकडं बघत होता.

“मॅडम, माळेवाडी?”

“हां. का?”

“नाही, नवीन सुरू केली का काय? वरून आदेश आलाय, का तुमच्याच अंगात आलंय? ती गाडी बंद झाली तेव्हाचा ड्रायव्हर रिटायर होऊन आता नातवंडं खेळवतोय.”

रणधीरनंच माईक आपल्याकडं ओढून चूक दुरुस्त केली. तोवर म्हातारा खिडकीशी आला होता. “बाई, गाडी लागतीय म्हनलात की वो.” “चुकलं, बाबा.” “चुकलं कसं? नाव तर बरोबर घेतलं तुम्ही. भूमवरून माळेवाडी. आमी त्याच वाटंचे.” चुकली असती तर गावाचं नाव चुकायला हवं होतं. जिभेनं एक एक अक्षर जागच्या जागी ठेवलं होतं, फक्त गाडी नव्हती. तिनं काउंटरवरचा शिक्का उचलला आणि उगाच एका कोऱ्या कागदावर मारला. शाई पुरेशी आहे का ते बघत असल्यासारखा.

सकाळी माळेवाडीहून, देवीच्या शेजेचं सगळं बघणाऱ्या म्हाळसाबाईंचा फोन आला होता, तो तिनं असाच एका हातानं घेतला होता. एका हातात फोन, दुसऱ्यात शिक्का, मान तिरकी करून खांद्यात धरलेला स्टँडच्या फोनचा रिसीव्हर. तिचं सगळं असंच चालायचं. केबिनच्या भिंतीवरच्या भवानीच्या तसबिरीलाही ती रोज एकाच हातानं नमस्कार करायची, कारण दुसऱ्यात माईक असायचा. म्हाळसाबाई म्हणाल्या होत्या, “राजे, ऐकतीस का? देवी निजायला आली. औंदा तुझा पाट रिकामा ठिवनार न्हाय म्या. दोन सालं तू गादीचा रेडिमेड कापूस पाठवून दिलास. देवीला काय लॉजवर उतरवायचंय का? येनार असशील तर ये, न्हाय तर आपल्या अयोध्याची लेक बसती तुझ्या जागी. एकदा दुसऱ्याला बसवलं की मग पाट माघारी मिळत न्हाय, तुला ठावं हाय.” राजेश्वरी म्हणाली होती, “बघते, मावशी.” तिकडून फोन तसाच चालू राहिला, कुणीतरी कोंबड्या हाकल्या, मग म्हाळसाबाईंचाच आवाज, पण तिला उद्देशून नसलेला: “बघते म्हनं. धुरपदाची लेक अन् बघते म्हनती.”

माळेवाडीची भवानी लहान, हातभर उंचीची. पण तुळजापूरची मोठी आई नवरात्राच्या आधी पलंगावर निजते, तशी तीही निजते. राक्षसाशी झुंजायच्या आधी झोप काढायला ती माहेरी येते, असं गावात मानतात, आणि माहेरची शेज लेकींनीच करायची असते. गावच्या सुनांनी नाही, लेकींनी. जिथं दिल्या असतील तिथून त्या यायच्या. जुनी गादी उसवायची, वर्षभर चेपून दगड झालेला कापूस मांडीवर घेऊन बोटांनी मोकळा करायचा, काडी, कचरा, सरकी वेचायची, मग गावातल्या पिंजारी मकबूलच्या घरच्यांनी तो पिंजायचा, भरायचा, शिवायचा, आणि दिवेलागणीला देवीनं त्यावर अंग टाकायचं. बसल्यावर ढीग संपेपर्यंत उठायचं नाही. ओवीशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि संपल्यावर सगळ्यांनी एकदम, कापसाखाली अंथरलेलं धडपं कडांनी धरून उठायचं. उपास-तापास कुणी विचारत नाही, सोवळं कुणी बघत नाही. एवढं बसायचं फक्त. राजेश्वरीच्या आईचा, धुरपदाचा, पाट तिथं होता, आईनंतर तो राजेश्वरीचा झाला, आणि राजेश्वरीनं तिथं पहिल्या साली कापसाचा गुंडाळा पाठवला, दुसऱ्या सालीही.

आई तिला न्यायची ती त्याच मुक्कामी गाडीनं. भूम मागं पडलं की डांबर संपायचं आणि गाडी धुळीत पोहायला लागायची. आई खिडकीकडं बसायची नाही, राजेश्वरीला बसवायची, आणि स्वतः मांडीवर रिकामे हात ठेवून समोर बघत राहायची. घरी आईचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत, म्हणून ते तसे पडलेले हात बघून लहान राजेश्वरीला भीती वाटायची. आजारी आहेस का, असं तिनं एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, “न्हाय गं. कापूस धरायचाय उद्या. हात जरा निवू देते.” चुलीवरनं उतरवलेला तवा निवतो तसे हात निवतात हे तिला तेव्हा खरंच वाटलं होतं, आणि तिनं हळूच आईच्या तळव्याला बोट लावून पाहिलं होतं, भाजतंय का. आज केबिनमध्ये तिनं स्वतःच्या तळव्याला बोट लावलं. रणधीर बघत होता. तिनं हात टेबलाखाली घेतला.

नवरात्र तोंडावर असताना रजा मिळणार नव्हती, ती तिनं मागितलीही नाही. रणधीरशी पाळी बदलून घेतली. “जावा की,” तो म्हणाला, “पण फोन चालू ठेवा. जादा गाड्यांचं तुमच्याच डोक्यात आहे सगळं. तुम्ही नसला तर इथं जत्रा होईल.” हे ऐकून तिला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याचा रागही आला. पुण्याहून सृष्टीचा, तिच्या लेकीचा, फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, उद्या मी माळेवाडीला चाललेय. सृष्टी म्हणाली, “तू? बसायला? मम्मी, तू जेवताना तरी बसतेस का?”

सकाळच्या गाडीनं भूम, तिथून जीपनं पुढं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललेलं, मध्येच उडीद निघालेली काळी रानं. जीपवाल्यानं एका ठिकाणी गाडी थांबवून कुणाची तरी वाट बघितली तर तिनं दोनदा विचारलं, का थांबलो? का थांबलो? शेजारची बाई म्हणाली, “मानूस येतंय वो, बाई. त्याला पाय हायत, पंख न्हाईत.” राजेश्वरीनं पिशवी मांडीवर ओढून घेतली, पण आत काहीतरी चालतच राहिलं, इंजिन बंद केल्यावरही पत्रा थरथरत राहतो तसं. देवळाशी पोचली तेव्हा ओसरीत पाट मांडून झाले होते आणि मध्ये उसवलेल्या गादीचा ढीग पडला होता, मळकट, गाठाळलेला, जनावरानं बसून उठल्यासारखा खड्डा पडलेला. मकबूल बाहेर लिंबाखाली पिंजायच्या यंत्राला तेल देत होता. त्यानं हात पुढं केला. “फोन द्या, ताई. आत चालत न्हाय. माझ्या डब्यात ठेवतो, उंदीर बी न्यायचा न्हाय.” फोन देताना तिला अंगावरचं काहीतरी उतरवून दिल्यासारखं उघडं वाटलं.

म्हाळसाबाईंनी वर बघितलं, नुसतं बोटानं आईचा पाट दाखवला, आणि ती टेकली न टेकली तोच तिच्या मांडीत कापसाचा एक डिखळा टाकला.

सुरुवातीला तिनं तो कापूस स्टँडवरच्या कामासारखा हातावेगळा करायला घेतला. भराभर. ओढ, फाड, झटक, पुढचा. तिच्या बाजूचा ढीग बघता बघता वाढला आणि तिनं चोरून इतरांचे बघितले, तर अयोध्याच्या मांडीत अजून पहिलीच गाठ होती. तिला समाधान वाटलं. मग म्हाळसाबाईंचा वाळक्या शेंगेसारखा हात पुढं आला, तिचा वेचलेला सगळा ढीग कवेत घेतला आणि न वेचलेल्यात नेऊन मिसळून टाकला. तोडलेल्या गाठींचे बारीक गोळे आत तसेच होते, देवीच्या पाठीला टोचले असते. राजेश्वरीचे कान तापले. बोलायचं नाही हा नियम किती क्रूर आहे हे तिला तेव्हा कळलं, कारण तोंडाशी सगळं आलं होतं: मी पहाटे उठून आलेय, मला काय रिकामा वेळ आहे, गाठी काय एवढ्या. मग म्हाळसाबाईंनीच, मान खाली, चाचरत, पण गळ्यात गोडवा अजून शिल्लक असलेल्या आवाजात ओवी टाकली,

आली माहेराला लेक, मन ठेवून फलाटी,
बोटं कापसात तिची, डोळा दाराच्या चौकटी.

बाया पदरात हसल्या. ओवीनं मारलेलं लागतही नाही आणि निघतही नाही.

तिनं दुसरा डिखळा घेतला. तो बोटांत धरला की आतली गाठ कळायची, कुठून वळलीय, कोणत्या बाजूनं सैल आहे. तेवढं कळेपर्यंत थांबलं तर ती आपण होऊन थोडी उघडायची, पण तिची बोटं तेवढी थांबायची नाहीत. ती बोटांना धरून ठेवत होती आणि मन मधल्या मध्ये निसटत होतं, जादा गाड्यांकडं, सोलापूरहून येणाऱ्या ताफ्याकडं, नळदुर्गच्या वाटेवर कायम अडकणाऱ्या ट्रकांकडं, घरी भिजत टाकलेल्या मटकीकडं. बाहेर मकबूलच्या डब्यात फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. “ताई,” मकबूल हळूच म्हणाला, “कोन रणधीर म्हनून हाय.” म्हाळसाबाईंनी मान वर केली नाही. कुणीच केली नाही. जा म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. राजेश्वरीचा गुडघा पाटावरून उचलला गेला. दारातून लिंबाची सावली दिसत होती, डब्याचं लालभडक झाकण दिसत होतं, आणि मधलं अंतर एवढं थोडं होतं की उठून जाऊन येईपर्यंत पाट गारही झाला नसता. पण उठली की अयोध्याची लेक बसणार होती. ती पोरगी उंबऱ्याबाहेर नवी साडी नेसून उभीच होती, ओठांवर जीभ फिरवत, परीक्षेत आपलं नाव पुकारायची वाट बघितल्यासारखी. तिचा काही दोष नव्हता. राजेश्वरीच्या चिमटीत एक गाठ अर्धी सुटली होती. आता सोडली तर ती पुन्हा आवळेल असं तिला वाटलं, का वाटलं कुणास ठाऊक, आणि त्या अर्ध्या गाठीपायी तिनं गुडघा परत खाली टेकवला. फोन वाजत राहिला. मग वाजायचा बंद झाला.

बंद झाल्यावर खरी तगमग सुरू झाली. वाजत होता तोवर ती तिथं होती, कुणीतरी तिला ओढत होतं आणि ती न जाण्याचा पराक्रम करत होती. आता ओढणारं कुणी उरलं नाही. म्हणजे रणधीरला उत्तर सापडलं असणार. म्हणजे गाड्या लागत असणार, सुटत असणार, बाया-माणसं आपापल्या गावी जात असणार, आणि माईकवर कुणाचा तरी दुसरा आवाज अंथरला जात असणार, आणि कुणाला काही फरक कळत नसणार. इतकी वर्षं ती जे धरून बसली होती, ते तिनं सोडलं तरी पडत नव्हतं. तिला रडू आलं असतं, पण कापूस भिजला असता. मग वाटलं की आईलाही हे कळलं असेल का, इथं याच पाटावर बसून, की घरची चूल पेटतेच आहे, भाकरी कुणीतरी थापतंच आहे, आणि तरी आई त्या भीतीला भ्यायली नाही, हात निवू देत बसली. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि बोलायचं तर ओवीतच. तिनं खाकरून सुरुवात केली. आवाज नेमका माईकवरचाच निघाला, अगदी सपाट,

गाड्या सुटतात बाई, माझ्यावाचून रोजच्या,

आणि पुढं सुचेना. रोजच्या, रोजच्या, असं ती तिथंच घुटमळत राहिली. अयोध्यानं ओठ दाबले. मग म्हाळसाबाईंनी ओळ उचलून धरली, पडणाऱ्या पोराला उचलावं तशी,

गाठी सोडव गं आधी माझ्या भवानीच्या शेजच्या.

त्यानंतर कुणी कुणाला टोमणा मारला नाही. ऊन ओसरीच्या एका खांबावरून दुसऱ्यावर गेलं. अस्वस्थपणा गेला असं नाही, तो होता, फक्त धावायला जागा नसल्यामुळं अंगणात बांधलेल्या वासरासारखा दोरीच्या लांबीत गोल गोल फिरत होता, आणि राजेश्वरी त्याच्याकडं बघत कापूस मोकळा करत होती. या कापसावर कुणी तरी निजलं होतं. गेल्या साली, त्याच्या आधल्या साली. खड्डा पडला होता तो कुणाच्या तरी अंगानं पडला होता. हातभर दगडाच्या मूर्तीला एवढं वजन कसं, असा विचार मनात आला आणि तो तिनं पुढं ढकलला नाही, तसाच मांडीवर राहू दिला. एवढी चालून, लढून, दमून येणारी बाई. तिलाही दमायला होतं, आणि ती हे लपवत नाही. गावाला सांगते, मी निजणार आहे, माझी शेज करा, तोवर मला काही मागू नका. राजेश्वरीनं आजवर देवीकडं मागितलेलं सगळं चालता चालता, एका हातानं मागितलं होतं. आज दोन्ही हातांत कापूस होता आणि मागायला काही आठवत नव्हतं. बोटांतली गाठ कधी सुटली ते तिला कळलंच नाही. ती पुढची चाचपायला गेली तर पुढं नुसतं धडपं लागलं. ढीग संपला होता.

“चला गं,” म्हाळसाबाई म्हणाल्या. दिवसभरात ओवीबाहेरचा पहिला शब्द. सगळ्यांनी धडप्याच्या कडा धरल्या. मध्ये कापूस फुगून आला होता, गुडघ्याएवढा, हलका. सगळ्या उठायला लागल्या आणि राजेश्वरीच्या लक्षात आलं की तिचा डावा पाय तिथं नाही. मांडीपर्यंत ती होती, पुढं कुणी नव्हतं.

“मावशी,” ती म्हणाली, “पाय…”

“काय झालं पायाला?”

“मुंग्या आल्यात. उठता येईना.”

अयोध्या फिस्सकन हसली, आणि मग सगळ्याच. बाहेरून मकबूल ओरडला, “द्या की वो कापूस, म्हाळसामावशी! दिवस चालला, पिंजू कधी, शिवू कधी?”

“थांब रं, मकबूल. कंट्रोलर बाईचा पाय पंक्चर झालाय.”

“मग स्टेपनी बसवा,” मकबूल म्हणाला.

गाभाऱ्यातून गुरवाचा वैतागलेला आवाज आला, “झालं का, बायांनो? पलंग मांडून बसलोय. आई ताटकळलीय इथं.”

“ताटकळू दे,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “वरीसभर उभीच हाय ती, आनखी घटकाभर उभी ऱ्हाईल. लेकीचा पाय हाय, फेकून द्यावा का?” आणि त्या धडप्याची कड न सोडता पुन्हा खाली बसल्या. मग बाकीच्याही बसल्या.

राजेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. तिच्यामुळं सगळं अडलं होतं. यंत्र, सुई-दोरा, गुरव, गाव, खुद्द भवानी. जन्मात तिनं कुणाला असं खोळंबवलं नव्हतं. तिनं माफीचे शब्द शोधले, पण बायांच्या तोंडाकडं बघितलं तर तिथं माफ करण्यासारखं काही नव्हतंच. कुणी खांबाला टेकली होती. अयोध्यानं डोळे मिटले होते. उंबऱ्याबाहेरची तिची लेकही पायरीवर बसून घेऊन साडीच्या काठावरचा दोरा सारखा करत होती. सगळ्या वाट बघत होत्या, आणि वाट बघणं हे काही त्यांना करावं लागत नव्हतं. मधला कापूस त्यांच्या श्वासांनी जरा वर यायचा, जरा बसायचा, आत कुणी निजल्यासारखा. संध्याकाळचं ऊन त्यावर आडवं पडलं होतं. टाचेत पहिली मुंगी चावली. मग तळव्यात, मग पोटरीत, एकेक करून त्या जाग्या होत गेल्या आणि निघून गेल्या, पायात गरम रक्त भरून आलं, आणि निऱ्यांखाली तिचा अंगठा हलला.

“आला का गं पाय?” म्हाळसाबाईंनी विचारलं.

“न्हाय, मावशी, अजून,” राजेश्वरी म्हणाली, आणि निऱ्या हलू नयेत म्हणून तिनं अंगठा पाटावर घट्ट दाबून धरला.